स्टेटस विचारणं हे काम नव्हतंच

मी आयटीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे, आणि ही मागच्या महिन्यातली गोष्ट. सोमवारचा साडेदहाचा स्टेटस कॉल संपला, मी हेडफोन काढून पाणी आणायला उठले आणि परत येऊन मिनिट्स, म्हणजे मीटिंगची नोंद, लिहायला बसते तोवर मिनिट्स इनबॉक्समध्ये हजर. कॉलवर कोणीतरी एआयचा नोटटेकर चालू ठेवला होता, त्याने कोण काय बोललं, कुठलं काम कोणाच्या अंगावर, कुठल्या तारखेला, सगळं व्यवस्थित मांडून अकरा जणांना पाठवूनसुद्धा टाकलं होतं. मी चुका शोधायला बसले. खोटं कशाला बोलू, मनापासून शोधल्या. एकच सापडली. टेस्ट एन्व्हायर्नमेंट, म्हणजे सॉफ्टवेअर तपासायची वेगळी सिस्टिम, कधी मिळणार असं विचारल्यावर इन्फ्राचा, म्हणजे सर्व्हर वगैरे सांभाळणाऱ्या टीमचा, मुलगा म्हणाला होता, "गुरुवारपर्यंत बघू." नोटटेकरने लिहिलेलं: टेस्ट एन्व्हायर्नमेंट, गुरुवारपर्यंत, जबाबदारी इन्फ्रा टीम.

आता "बघू" म्हणजे काय ते मराठी माणसाला सांगायला नको. लग्नाला याल ना म्हटलं की "बघू", उसने पैसे कधी परत देतोस म्हटलं की "बघू". मी त्या मुलाला वेगळा फोन लावला, आधी इकडचं तिकडचं बोलले, मग कळलं की लायसन्सची फाइल परचेसमध्ये अडकून पडलीय आणि गुरुवार सोडाच, पुढचा आठवडाही कठीण आहे. हे त्याला अकरा जणांसमोर बोलायचं नव्हतं कारण त्या अकरांत त्याचा बॉस होता.

माझं बरंचसं करिअर या दोन कामांत वाटलं गेलंय, मिनिट्स लिहिणं आणि "बघू" ऐकल्यावर फोन लावणं. अडचण अशी की अप्रेझलमध्ये मार्क मिळायचे ते पहिल्याचे. दुसरं काम कोणाला दिसतच नव्हतं, मलाही ते काम आहे असं वाटायचं नाही, वाटायचं की आपला स्वभाव आहे.

हल्ली आमच्या लाइनमध्ये चार लोक भेटले की दोनच सूर निघतात. एक म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजर आता संपला, दोन-तीन वर्षांत ही पोस्टच राहणार नाही. दुसरा म्हणजे काही होत नाही हो, अपस्किल व्हा, एखादा एआयचा कोर्स करा, सर्टिफिकेट प्रोफाइलवर लावा. मला हे दोन्ही पटत नाही. पहिलेवाले ज्याला काम म्हणतात ते काम नव्हतंच, ते जातंय तर जाऊ दे, आणि दुसरेवाले जो उपाय सांगतात तो आम्ही गेली वीस वर्षं करतोय, त्यानेच तर ही वेळ आणली.

माझे आजोबा लालबागला एका गिरणीत विणाईला होते. मूळचे साताऱ्याकडचे. त्यांच्या गोष्टींत जॉबर सारखा यायचा. जॉबर म्हणजे गिरणीचा मालक आणि कामगार यांच्या मधला माणूस, सकाळी गेटवर उभा राहून आज कोणाला आत सोडायचं आणि कोणाला परत पाठवायचं हे तो ठरवायचा, त्यासाठी दस्तुरी, म्हणजे आपलं कमिशन, खायचा, आपल्या गावची माणसं भरायचा, आणि अडल्या वेळी उसने पैसेही तोच द्यायचा, त्यामुळे त्याला नुसता व्हिलन म्हणताही येत नाही. मालकाला कामगार ठाऊक नव्हते, कामगाराला मालक दिसत नव्हता, आणि या न दिसण्यावर जॉबरचं सगळं राज्य चालायचं. मग १९३५ च्या सुमारास मुंबईच्या गिरणीमालकांनी बदली, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी घ्यायच्या, कामगारांना कार्डं द्यायची पद्धत आणली, त्याच काळात लेबर ऑफिसर आले, आणि गेटवरची ती सत्ता सुटायला लागली. लगेच नाही. आजोबा कामाला लागले तेव्हाही जॉबरचा धाक होताच म्हणायचे. पण उतार लागला तो लागला.

जॉबर हा शब्द मात्र टिकला. आज भिवंडीला किंवा इचलकरंजीला एखाद्या पॉवरलूमवाल्याला विचारा, जॉबर कोण, तो माग दुरुस्त करणाऱ्या माणसाकडे बोट दाखवेल. धोटा अडकतोय, सूत सारखं तुटतंय, मागाचा आवाज बदललाय, बोलवा जॉबरला. गेटवरचा जॉबर गेला आणि मागाजवळचा राहिला. आजोबांच्या खात्यातही म्हणे दोन्ही प्रकारचे होते. एक नुसता हजेरीची वही घेऊन फिरायचा, आणि दुसरा असा की मागाचा आवाज ऐकून सांगायचा, हा दुपारपर्यंत बंद पडणार.

आम्ही आयटीतले प्रोजेक्ट मॅनेजर, निदान माझ्या पिढीचे, बऱ्यापैकी गेटवरचे जॉबर होतो. क्लायंटला डेव्हलपर माहीत नाहीत, डेव्हलपरला क्लायंट दिसत नाही, मधे आम्ही. इकडची माहिती तिकडे, तिकडची शिवी गाळून इकडे. शुक्रवारी सगळ्यांकडून एक्सेल मागवायचं, ते एका मोठ्या एक्सेलमध्ये चिकटवायचं, त्याचा पीपीटी करायचा, त्यात काम अडलंय, रखडतंय की ठीक चाललंय त्याप्रमाणे लाल-पिवळा-हिरवा रंग भरायचा, आणि सोमवारी तो पीपीटी वाचून दाखवायचा. वाचून! समोरच्यांना वाचता येत नव्हतं असं नाही. कामांची नोंद ठेवणारं जिरा हे सॉफ्टवेअर आलं तेव्हा ते आमचं बदली कार्ड होतं, कोण कुठल्या कामावर आहे ते कोणीही बघू शकत होतं, पण आम्ही जिराचेसुद्धा रिपोर्ट काढून पीपीटीत चिकटवायला लागलो आणि अजून दहा वर्षं काढली. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये चॅटजीपीटी आलं आणि त्यानंतर जे काय झालं त्याने ती चिकटवाचिकटवीही काढून घेतली. एआयला दोष देणारे मला खरंच कळत नाहीत. मला तर सोमवारचे ते दोन तास परत मिळाल्याचा आनंद झाला, भीती नंतर वाटली.

बरं, त्या रंगांबद्दलही बोलायला हवं. आमच्यात कलिंगड प्रोजेक्ट म्हणतात, बाहेरून हिरवं आणि कापलं की लाल. प्रत्येक मॅनेजरने आयुष्यात एखादं तरी कलिंगड सांभाळलेलं असतं, मी तीन. लाल रंग दाखवला की लगेच एस्कलेशन कॉल, म्हणजे वरच्यांकडे तक्रार गेल्यावरचा जाब विचारायचा कॉल, रोज संध्याकाळी सहाला, त्यात वरचे चार लोक वाढणार आणि त्यांना समजावण्यात काम करणाऱ्यांचा अजून एक तास जाणार, म्हणून माणूस पिवळ्यावर ठेवतो, आणि पिवळा तीन आठवडे राहिला की लोक विचारतात म्हणून मधे एकदा हिरवा करतो. हे मी कौतुकाने सांगत नाहीये. एआयला याच डॅशबोर्डवरचा सारांश काढायला सांगितला की तो हिरव्याचा अतिशय सुंदर भाषेत सारांश काढून देतो.

आता सर्टिफिकेटं. २०११ मध्ये मी पीएमपी हे प्रोजेक्ट मॅनेजरचं सर्टिफिकेट केलं. पीएमपी देणारी पीएमआय ही अमेरिकन संस्था १९६९ ची, परीक्षा १९८४ पासून आहे. माझ्या वेळी त्यांच्या पुस्तकाची चौथी आवृत्ती होती, त्यात ४२ प्रोसेस, प्रत्येकीला इनपुट काय, टूल काय, आउटपुट काय, हे सगळं मी डोंबिवली ते ठाणे लेडीज डब्यात एका हाताने कडी धरून पाठ केलंय. पुढच्या आवृत्तीत त्या ४७ झाल्या, त्याच्या पुढच्यात ४९. आणि २०२१ मध्ये सातवी आवृत्ती आली तेव्हा या सगळ्या प्रोसेस पुस्तकाच्या केंद्रातून बाजूला करून १२ तत्त्वं आणली. म्हणजे जे मी कडी धरून पाठ केलं होतं ते खुद्द परीक्षा घेणाऱ्यांनीच बाजूला सारलं. परीक्षाही बदलली, निम्मे प्रश्न अजाइल, म्हणजे थोड्या थोड्या टप्प्यांत काम करायची पद्धत, आणि जुन्या-नव्याचं मिश्रण असलेल्या हायब्रिडवर. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही, काळाप्रमाणे त्यांनी बदलायलाच हवं. पण सर्टिफिकेट टिकवायला दर तीन वर्षांनी ६० पीडीयू, म्हणजे शिकण्याच्या तासांचे गुण, लागतात, आणि ते पीडीयू मी कसे मिळवते ते मला माहितीय. रविवारी सकाळी लॅपटॉपवर वेबिनार चालू, मी ओट्यापाशी भाजी चिरतेय, शेवटच्या क्विझला हात पुसून येते. त्याचा विषय काय होता हे आत्ता विचारलंत तर फरसबी एवढंच आठवेल.

स्क्रम या अजाइलमधल्या एका पद्धतीची गोष्ट याहून मजेशीर आहे. २००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत युटाला एका स्की रिसॉर्टवर १७ जण जमले आणि त्यांनी अजाइलचा जाहीरनामा लिहिला, त्यातली पहिलीच ओळ अशी की प्रोसेस आणि टूलपेक्षा माणसं आणि त्यांचं एकमेकांशी बोलणं महत्त्वाचं. आपण त्याचं काय केलं तर प्रोसेस आणि टूल. स्क्रम गाइडची २०२० ची आवृत्ती १३ पानांची आहे, फुकट आहे, ठाण्याहून ऐरोलीला पोचेपर्यंत निम्मी वाचून होते. त्यात प्रॉडक्ट ओनर आहे, स्क्रम मास्टर आहे, डेव्हलपर आहेत, प्रोजेक्ट मॅनेजर हा शब्द नाही. तरी आमच्याकडे काय झालं, सगळ्या प्रोजेक्ट मॅनेजरांना दोन दिवसांच्या ट्रेनिंगला पाठवलं आणि सोमवारी सगळे स्क्रम मास्टर होऊन आले. स्टँडअप, म्हणजे रोजची उभ्या उभ्या करायची १५ मिनिटांची मीटिंग, ५० मिनिटांची झाली, बसून. कामात काडीचा फरक नाही, नुसती पाटी बदलली. मग २०२३ च्या जानेवारीत बातमी आली की अमेरिकेतल्या कॅपिटल वन बँकेने अजाइलच्या म्हणून असलेल्या ११०० हून जास्त जागा एका फटक्यात काढल्या, ते काम आता इंजिनिअर आणि प्रॉडक्टवालेच करतील म्हणून. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या दिवशी शांतता. दुसऱ्या दिवशी एकाने एआय फॉर प्रोजेक्ट मॅनेजर्स अशा कोर्सची लिंक टाकली, अर्ली बर्ड डिस्काउंटसकट.

मला जे म्हणायचंय ते एका प्रसंगातून जास्त स्पष्ट होईल, जरा लांबण लागेल पण सांगते.

२०२२ मध्ये आमच्याकडे एका फायनान्स कंपनीचं काम होतं, जुन्या सिस्टिममधली सगळी कर्जखाती नव्या सिस्टिममध्ये हलवायची. प्लॅन उत्तम. जुना कुठला रकाना नव्यात कुठे जाणार हे सांगणाऱ्या मॅपिंग शीटवर दोन्ही बाजूंच्या सह्या. टेस्टिंगसाठी चाळीस खाती नमुना म्हणून घेतली, चाळीसच्या चाळीस पास. डॅशबोर्ड हिरवा, आणि यावेळी मला मनापासून वाटत होतं की हे कलिंगड नाही, कैरी आहे, आतूनही हिरवी. कटओव्हरला, म्हणजे जुनी सिस्टिम बंद करून नवी चालू करायला, नऊ दिवस होते. त्यांच्या अंधेरीच्या ऑफिसात माझी एक मीटिंग रद्द झाली, परतीच्या ट्रेनला गर्दीची वेळ होती म्हणून मी तिथेच थांबले आणि टाइमपास म्हणून ऑपरेशन्सच्या एका ताईंच्या शेजारी जाऊन बसले. त्या बावीस वर्षं तिथेच. स्क्रीनवर नव्या सिस्टिमचा डेमो लॉगिन उघडून कुठलंसं खातं बघत होत्या. बघता बघता त्यांनी बोटाने हप्त्यांची यादी मोजली, चष्मा वर केला आणि मला म्हणाल्या, "मॅडम, ते सहा महिने कुठे टाकलेत तुम्ही?"

कुठले सहा महिने? तर कोविडमध्ये रिझर्व्ह बँकेने हप्ते पुढे ढकलायची सवलत दिली होती, २०२० च्या मार्चपासून आधी तीन महिने, मग वाढवून ऑगस्टअखेरपर्यंत. कोणी तीन महिने घेतली, कोणी सहा, कोणी घेतलीच नाही, कोणी मधेच एक हप्ता भरला. जुन्या सिस्टिममध्ये यासाठी कोडच नव्हता, घाईघाईत कुठून असणार, म्हणून या लोकांनी तेव्हा रिमार्क्सच्या रकान्यात हाताने लिहून ठेवलं होतं. आणि आमच्या मॅपिंग शीटमध्ये रिमार्क्सचा रकाना वगळला होता, कारण तो फ्री टेक्स्ट, त्यात काय असायचं, "कस्टमर नॉट पिकिंग कॉल" वगैरे. नमुन्याची चाळीस खाती २०२१ नंतरची होती, ती ताजी आणि स्वच्छ म्हणून कोणीतरी निवडली होती. म्हणजे नवी सिस्टिम चालू झाली असती तर हजारावर लोक, ज्यांनी नियमाने सवलत घेतली होती, ते सहा हप्ते थकवलेले म्हणून दिसले असते. पुढे ते सिबिलला गेलं असतं. पाच तारखेला खात्यातून चुकीची रक्कम वळती झाली असती, ती बाउन्स झाली असती, त्याचा दंड वेगळा.

आम्ही कटओव्हर पुढे ढकलला. मला त्याबद्दल बोलणी बसली, कारण डॅशबोर्ड तर हिरवा होता ना, मग आयत्या वेळी काय झालं.

या सगळ्यात मॅनेजमेंटची कुठली स्किल लागली? मला विचाराल तर शेजारी बसणं, एवढीच. पण त्या ताईंनी प्रश्न विचारल्यावर तो प्रश्न किती मोठा आहे हे कळायला मला हप्ता म्हणजे काय, थकबाकीचे दिवस कसे मोजतात, सिबिलला काय जातं हे माहीत असावं लागलं, आणि ते मला माहीत होतं कारण आधीची पाच वर्षं मी कर्जाच्याच कामावर होते. नसतं माहीत तर मी वहीत लिहिलं असतं, "रिमार्क्स कॉलम, नंतर बघू." आणि कुठल्याही मीटिंगमध्ये हे कधी बोललं गेलं नव्हतं, त्यामुळे नोटटेकर असता तरी काय लिहिणार होता. त्या ताईंना आमच्या एकाही मीटिंगचं आमंत्रण नव्हतं. का नव्हतं, तर स्टेकहोल्डर रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोजेक्टशी संबंधित लोकांच्या यादीत, त्यांच्या साहेबांचं नाव होतं.

मुंबईत राहणाऱ्याला अशी उदाहरणं शोधायला लांब जावं लागत नाही. अंधेरीचा गोखले पूल २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये बंद केला, नव्याने बांधला, २०२४ च्या फेब्रुवारीत एक बाजू उघडली आणि सगळ्या शहराने बघितलं की शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल एका उंचीवर आणि हा भलत्याच. रुळांवरचा भाग रेल्वेच्या नियमाने उंच घ्यावा लागला आणि जुना जोड खाली राहिला. मग बर्फीवाला पूल जॅक लावून उचलला आणि जुलैमध्ये ते दोन पूल एकमेकांना भेटले. यात कोणाचं किती चुकलं ते ठरवायला मी इंजिनिअर नाही. पण माझी खात्री आहे की ज्याच्या त्याच्या शीटवर ज्याचं त्याचं काम हिरवंच असणार, आणि मधल्या जागेला रकानाच नसणार. तो रकाना भरणारा माणूस म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजर असं मी मानते, पण त्यासाठी पूल म्हणजे काय ते कळावं लागतं, निदान मोजपट्टी घेऊन जागेवर जावं लागतं.

(डबेवाल्यांचं उदाहरण मी देणार नाहीये. आजवर केलेल्या प्रत्येक ट्रेनिंगमध्ये ते ऐकलंय, बहुतेक वेळा अशा माणसाकडून जो स्वतः कँटीनमध्ये जेवतो.)

यावर आमच्यातलेच लोक भांडतात. म्हणतात, मॅनेजमेंट हीच एक स्वतंत्र विद्या आहे, चांगला मॅनेजर बँक असो, हॉस्पिटल असो, रस्ता असो, कुठेही चालतो. आधी मीही हेच म्हणायचे, इंटरव्ह्यूमध्ये तर ठासून. आता मला वाटतं हे अर्धं खरं आहे आणि ते अर्धं खरं फक्त तेव्हाच चालायचं जेव्हा माहिती गोळा करणं हेच मोठं काम होतं. दुसरा आक्षेप मला जास्त पटतो, की कामाची माहिती असलेला मॅनेजर डोक्यावर बसतो. असे बघितलेत मी, पूर्वी कोडिंग केलेलं असतं, मग प्रत्येक मुलाच्या मागे उभं राहून, "अरे मी असतो तर असं केलं असतं." त्यापेक्षा काहीच न कळणारा परवडला. पण म्हणून जाणूनबुजून अडाणी राहायचं याला काय अर्थ आहे.

आता एक मुद्दा जो बायका आपापसात बोलतात पण लिहीत नाहीत. आमच्या ऑफिसात प्रोजेक्टच्या समन्वयाचं काम बायकांकडे जास्त येतं. "तू छान को-ऑर्डिनेट करतेस." मीही मुळात टेस्टर होते, मला ते काम आवडायचं, एखादी सिस्टिम मोडून दाखवण्यात मजा असते. मुलगा झाल्यावर परत आले तर टेस्टिंगला दुसरा कोणी लागला होता आणि मला सांगितलं, तुझं कम्युनिकेशन चांगलं आहे, तू पीएमओ, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंट ऑफिस, बघ, वेळेत घरीही जाता येईल. वाटलं किती चांगले लोक. त्यानंतर मिनिट्स, कॅलेंडर, फॉलोअप, वाढदिवसाचा केक, आणि कामापासून एकेक पायरी लांब. माझ्या बॅचचे जे मुलगे टेक्निकलला राहिले ते आज सॉफ्टवेअर आर्किटेक्ट आहेत आणि समन्वयात ढकललेल्या आम्ही मशीनच्या नोट्समधल्या चुका शोधतोय. त्यामुळे "प्रोजेक्ट मॅनेजर जाणार" हे ऐकलं की मी आधी विचारते, त्यातले कोण जाणार? कारण हजेरीची वही आमच्यातल्या कितीजणींना कोणी विचारून दिली नव्हती, आणि आता वहीच जातेय तर "तुम्ही स्वतःला अपडेट केलं नाहीत" हे ऐकायला मात्र आम्हीच.

आणि हे अपडेट करायचं कधी? डोंबिवलीहून ऐरोली, ठाण्याला नऊ-दहा नंबरवर गाडी बदलायची, येऊन-जाऊन पावणेतीन तास, आठवड्यातून तीन दिवस ऑफिस सक्तीचं. कंपनीने शिकायला पोर्टल दिलंय, हजारो कोर्स, वर्षाला चाळीस तास पूर्ण करायचे असा नियम, आणि ते चाळीस तास प्लॅनमध्ये कुठेच नाहीत. मी स्वतः प्लॅन बनवते, मला माहितीय. बनवताना माणसाचे आठ तास धरायचे आणि आठही तास क्लायंटला बिल करायचे, शिकणं त्याने झोपेतून काढायचं. मग सगळे तेच करतात जे मी भाजी चिरताना करते. गेटवरचा जॉबर ते मागाजवळचा जॉबर हा बदल पगारी वेळेत होऊ शकतो, रविवारच्या वेबिनारवर होत नाही, कारण शिकायची गोष्ट पोर्टलवर नाहीच, ती त्या ताईंच्या टेबलाशी आहे आणि त्या रविवारी घरी असतात.

कायद्याकडे बघावं तर तिथेही आमची गोची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नवे लेबर कोड लागू झाले. त्यातल्या इंडस्ट्रियल रिलेशन्स कोडमध्ये री-स्किलिंग फंड आहे, कामगाराला कामावरून कमी केलं की मालकाने त्याच्या १५ दिवसांच्या पगाराएवढी रक्कम त्यात भरायची आणि ती ४५ दिवसांच्या आत कामगाराच्या खात्यात जमा व्हायची. १५ दिवसांत माणूस नवं काय शिकणार हा प्रश्न आहेच, पण कल्पना तरी योग्य आहे की नवं शिकण्याचा खर्च निदान थोडा तरी काढून टाकणाऱ्याने सोसावा. पण यातली वर्करची व्याख्या बघा. मॅनेजरचं काम करणारे त्यात नाहीत, आणि सुपरवायझर असून महिन्याला १८,००० च्या वर पगार असेल तर तेही नाहीत. जुन्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातही मॅनेजर बाहेरच होते. आता आमच्यातल्या निम्म्या लोकांच्या हाताखाली एकही माणूस नाही, ना रजा मंजूर करायचा अधिकार, ना अप्रेझल, ना बजेट, आहे ती फक्त पाटी. कोर्ट नुसती पाटी बघत नाही, प्रत्यक्ष काम काय ते बघतं हे खरंय, पण त्यासाठी कोर्टात जावं लागतं आणि होमलोनचे अकरा वर्षांचे हप्ते बाकी असताना कोण जातंय. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले होते, त्याचं काय झालं ते माझ्या घराने बघितलंय, त्यामुळे मी कोणाला लढा उभारा वगैरे सांगणार नाही. माझं पहिलं ऑफिस लोअर परळला एका बंद गिरणीच्याच आवारात होतं, आजोबा एकदा बघायला आले आणि एवढ्या एसीत तुम्हाला ऐकू काय येतं असं विचारून गेले.

माझी मागणी फार मोठी नाहीये. कंपन्यांनी प्लॅनमध्ये शेजारी बसायला दिवस ठेवावेत, महिन्याला दोन, बिल होवोत न होवोत. नव्या मुलाला प्रोजेक्ट मॅनेजर करायचं असेल तर आधी दोन वर्षं त्याला प्रत्यक्ष कामात घालावं, टेस्टिंग, सपोर्ट, ऑपरेशन्स, जिथे फोनवर शिव्या पडतात अशा ठिकाणी. आणि आम्ही जे आधीच वर येऊन बसलोय त्यांनी जरा खाली उतरावं, पगार नाही, खुर्ची. सर्टिफिकेट करायचंय तर जरूर करा, एचआरची चाळणी त्याशिवाय पार होत नाही हे मलाही माहितीय, मीही पुढच्या वर्षी रिन्यू करणारच आहे. फक्त ते केलं म्हणजे आपण बदललो असं समजू नका.

सध्या मी दर दुसऱ्या गुरुवारी क्लायंटच्या ऑपरेशन्सला जाऊन बसते. यावेळी इन्शुरन्सवाले आहेत, क्लेमचा विषय मला नवा आहे, पहिले तीन गुरुवार मी नुसती मान हलवत होते. चौथ्या गुरुवारी एक मुलगा स्वतःहून म्हणाला की मॅडम, ही स्क्रीन आम्ही वापरतच नाही. त्या स्क्रीनवर आमचे चार डेव्हलपर दोन महिने काम करतायत. शुक्रवारी टाइमशीट भरताना नेहमीचा प्रश्न, हे सहा तास कुठल्या कोडखाली टाकायचे. मॅनेजरला विचारलं, त्याने फायनान्सला विचारलं, फायनान्सने सांगितलं की असा कोड नाहीये, नवा उघडायचा तर बिझनेस जस्टिफिकेशन लागेल, ते दिलं की बघू.